वर गेल्यावर इंधनाचा आकडा जुळेना, तर त्या दोघांना कळतं कसं?

कडक भाकरी | शनिवार, रात्री ९.१२

गेल्या आठवड्यात भाचीच्या साखरपुड्याला दिल्लीला जायचं होतं. रात्रीच्या गाडीने हैदराबाद, तिथून सकाळचं विमान. सगळे बसले, दार लागलं, पट्टे आवळले आणि मग काहीच नाही. पंधरा मिनिटांनी कॅप्टनची घोषणा आली: भरलेलं इंधन आणि आतला आकडा यांचा मेळ बसत नाही, तपासून निघू.

माझी सीट खिडकीची, पंखाच्या जरा मागे. खाली एक जण पंखाच्या पोटाशी शिडी लावून चढला. पंखातून त्याने एक कांडी खाली ओढली, मान वाकडी करून वाचली, कागदावर लिहिलं आणि शिडी पुढे सरकवली. अशा चार-पाच कांड्या. पाऊण तासाने निघालो, साखरपुड्यात पेढेसुद्धा मिळाले, तक्रार काही नाही.

पण डोक्यात किडा वळवळायला लागलाय. हे खाली झालं म्हणून कांडी ओढून बघता आलं. हाच घोळ वर गेल्यावर झाला असता तर? पंखाखाली कोण जाणार? काटा खोटं बोलायलाय की टाकी खरंच रिकामी व्हायलीय, हे पुढे बसलेल्यांना कळतं कसं? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा. व्हिडिओच्या लिंका नकोत.

पार्क चौक | शनिवार, रात्री ९.२०

सोप्पंय बे. पुढच्या ढाब्याला बाजूला लावतात आणि टाकीवर दोन टकटक करून बघतात.

डिप रॉड | शनिवार, रात्री ९.४७

हसण्यावारी नेऊ नका मालक. माझा अक्कलकोट रोडला पेट्रोल पंप आहे, बावीस वर्षं झाली. तुम्ही बघितलेली कांडी आणि माझ्या जमिनीखालच्या टाकीत सोडायची डिप रॉड या चुलत बहिणी.

रोज सकाळी माझं पहिलं काम काय, तर डिप काढायची. कालची शिल्लक, अधिक टँकरने आलेला माल, वजा नोझलवरून झालेली विक्री. जे उत्तर येईल तेवढी डिप आली पाहिजे. नाही आली तर कुठेतरी मुरतंय: टाकीत, पाइपात, मीटरमध्ये नाहीतर माणसात. शिवाय हायड्रोमीटरने घनता बघून ती १५ अंशांच्या हिशेबात आणून लिहायची. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारचं लिटर आणि पहाटेचं लिटर एक नसतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

विमानात काय करतात मला माहीत नाही. पण माझी पैज, तिथेही असंच रजिस्टर असणार.

निवृत्त पाना | शनिवार, रात्री १०.३५

डिप रॉड पैज जिंकले. मी तीस वर्षं विमानांच्या देखभालीत काढली, आता जुळे सोलापुरात गुलाबांना पाणी घालतो. पाणी आलं तर.

आधी आतलं गेज काय असतं ते सांगतो. मोटारसायकलीसारखा फ्लोट नसतो. टाकीत उभ्या नळ्या असतात, नळीत नळी. त्यांच्यामध्ये इंधन असेल तर विद्युतधारकता, म्हणजे वीज साठवून धरायची क्षमता, हवेच्या साधारण दुप्पट होते. अशा कितीतरी प्रोबची वाचनं एकत्र करून, घनता धरून, संगणक किलोत आकडा देतो. लिटरमध्ये नाही, कारण इंजिनाला लागणारी ऊर्जा वजनाबरोबर जाते आणि लिटर उन्हात फुगतं.

हा झाला पहिला साक्षीदार. दुसरा वेगळ्या गल्लीत राहतो. प्रत्येक इंजिनाकडे जाणाऱ्या वाटेवर फ्लो मीटर असतो, तो किती जळालं याची बेरीज ठेवतो. तिसरा म्हणजे कागद: अमुक ठिकाणावरून जाताना टाकीत इतकं उरलेलं असावं, हे उड्डाणाच्या आराखड्यात आधीच लिहिलेलं असतं.

आता रजिस्टर मांडा. निघताना १२,००० किलो होतं. फ्लो मीटर म्हणतो ५,००० जळालं. मग टाकीत ७,००० हवं. गेज ६,४०० दाखवत असेल तर सहाशे किलो गेलं कुठे? वीस मिनिटांनी पुन्हा बेरीज करायची. तूट सहाशेच राहिली तर बहुधा गेजचा किंवा सुरुवातीच्या आकड्याचा दोष. आठशेवर गेली तर गळती. बिघडलेलं गेज लहरी असतं, उड्या मारतं, अडकून बसतं, कधी आकड्याच्या जागी नुसत्या रेघा दाखवतं. गळती मात्र शिस्तीची असते, दर मिनिटाला आपलं काम करत राहते.

यातही एक चकवा आहे. फ्लो मीटरच्या पुढे, म्हणजे इंजिनाजवळ गळत असेल तर गळलेलं इंधनही मीटरमधूनच जातं. मीटर त्यालाही 'जळालं' म्हणून मोजतो आणि बेरीज चोख जुळते! तेव्हा बघायचं, दोन्ही इंजिनं सारखीच ढकलत असताना एकाचाच प्रवाह जास्त का.

कडक भाकरी | शनिवार, रात्री १०.५८

काका, कमाल. पण एक सांगा. समजा उजव्या पंखातलं कमी व्हायला लागलं. मधला व्हॉल्व्ह उघडून दोन्ही बाजू सारख्या करायच्या की झालं. विमान एका बाजूला कलायला नको.

गच्चीवरची टाकी | शनिवार, रात्री ११.०४

असं अजिबात करू नका हो! विमानातलं मला काही कळत नाही, पण माझ्या गच्चीवर हजार लिटरच्या दोन टाक्या आहेत, मध्ये जोडपाइप आणि त्याला व्हॉल्व्ह. आपल्याकडे पाणी पाचव्या दिवशी. गेल्या पाळीला एक टाकी जास्त उतरलेली दिसली म्हणून ह्यांनी मधला व्हॉल्व्ह उघडला, "सारखी होऊ दे". सकाळी दोन्ही टाक्या ठणठणीत कोरड्या. एक गळत होती, तिने दुसरीलाही प्यायलं. चार दिवस शेजाऱ्यांकडून कळशा आणल्या. कुठून गळतंय ते अजून सापडलेलं नाही.

निवृत्त पाना | शनिवार, रात्री ११.३०

वहिनी, तुमची गच्ची म्हणजे अटलांटिक महासागर आहे. सांगतो.

२४ ऑगस्ट २००१. एअर ट्रान्झॅटचं एअरबस ए ३३०, टोरोंटोहून लिस्बनला, आत ३०६ माणसं. उजवं इंजिन काही दिवसांपूर्वीच बदललेलं. बदलताना नव्या-जुन्या बनावटीचे भाग एकत्र बसवले गेले, त्यामुळे इंधनाची नळी आणि हायड्रॉलिकची नळी एकमेकींना घासत राहिल्या. समुद्रावर असताना इंधनाची नळी फाटली.

आता बघा, पहिलं लक्षण कुठे दिसलं? इंधनाच्या पानावर नाही, तेलाच्या. उजव्या इंजिनाच्या तेलाचं तापमान कमी आणि दाब जास्त. इंजिनाचं गरम तेल थंड इंधनाच्या सान्निध्यातून फिरवतात, तेल निवतं आणि इंधन कोमट होतं. गळतीमुळे तिथून इंधन नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वाहत होतं, म्हणून तेल जास्त गार आणि घट्ट. पण रात्री समुद्रावर असा आकडा बघून कुणाला इंधनगळती सुचेल? मला सुचली नसती. त्यांनाही वाटलं की दाखवण्यातच चूक आहे.

त्यात आणखी एक पडदा. शेपटीतल्या टाकीतलं इंधन त्याच वेळी पुढे उजव्या पंखात येत होतं. गळक्या घागरीत वरून कुणी ओतत असेल तर घागर रिकामी होतेय हे उशिराच दिसणार. असमतोलाची सूचना आली तेव्हा बराच वेळ गेला होता. सूचना आली आणि त्यांनी पाठ असलेलं काम केलं: क्रॉसफीड, म्हणजे तो मधला व्हॉल्व्ह, उघडला, उजव्या टाकीचे पंप बंद केले. चेकलिस्ट काढून वाचली नाही. तिच्यात गळतीची शंका असेल तर हे करू नका असा इशारा होता.

आधी उजवं इंजिन बंद पडलं, तेरा मिनिटांनी डावं. मग १९ मिनिटं विमान इंजिनाशिवाय तरंगत सुमारे १२० किलोमीटर गेलं आणि अझोर्स बेटांवरच्या लाजेस तळावर उतरलं. टायर फुटले, काही जखमी झाले, पण सगळे जिवंत.

पार्क चौक | शनिवार, रात्री ११.३८

म्हणजे पायलट येडे होते की काय बे? एवढे संगणक असून?

निवृत्त पाना | शनिवार, रात्री ११.४९

येडा म्हणणं सोपं आहे. खुर्चीत बसून आपल्याला शेवट माहीत असतो. त्यांच्यासमोर तेलाचा एक विचित्र आकडा, पाऊण तासापूर्वी ठीक असलेलं इंधन आणि एक असमतोल. असमतोलाची शंभर कारणं साधी असतात. शिवाय चूक बसवणाऱ्यांची, ती माझी जात. इंधन संपल्यावर त्याच माणसांनी अंधारात तो दगड उतरवला, तेही विसरू नका.

नंतर एअरबसच्या पुस्तकांत ठळक बदल झाला: समतोल साधायला क्रॉसफीड उघडण्याआधी गळती नाही याची खात्री करा.

धागा संचालक | रविवार, सकाळी ८.०५

अहमदाबादच्या १२ जून २०२५ च्या अपघाताबद्दलचे तीन प्रतिसाद इथून हलवले आहेत. त्यासाठी स्वतंत्र धागा आहे. इथे उडत्या विमानातलं इंधनाचं निदान, एवढाच विषय. आणि विमानांच्या आड येणाऱ्या साखर कारखान्याच्या चिमणीवर ज्यांना अजून लिहायचं आहे त्यांना नमस्कार. ती १५ जून २०२३ ला पडली, विमानं सुरू झाली, आता पुरे.

उजवी सीट | रविवार, दुपारी १.२०

मी बहुतेक वेळा नुसती वाचते, आज राहवलं नाही. शाळा सोलापुरातच झाली, आता बोइंग ७३७ वर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे.

पाना काका बरोबर आहेत, एक छोटी दुरुस्ती. क्रॉसफीड उघडल्याने आमच्या विमानात इंधन या टाकीतून त्या टाकीत जात नाही. एका बाजूच्या टाकीवर दोन्ही इंजिनं चालतात, एवढंच. वहिनींच्या गच्चीपेक्षा थोडं वेगळं, पण गळती इंजिनापाशी असेल तर परिणाम तोच. चांगल्या टाकीतलं इंधन आपणच पंपाने ढकलून भोकापर्यंत नेतो.

आता आत काय घडतं ते. दोन पंखांतल्या टाक्यांत ४५३ किलोंचा फरक पडला की आकड्याखाली पिवळी सूचना येते. ४५३ हा विचित्र आकडा का, तर ते १,००० पौंड. एका टाकीत ९०७ किलोंच्या खाली गेलं की 'कमी' अशी दुसरी सूचना. सूचना आली की हात चालत नाहीत, तोंड चालतं. आधी ठरतं की विमान कोण उडवतंय. एकाने फक्त उडवायचं, दुसऱ्याने चेकलिस्ट मोठ्याने वाचायची. व्हॉल्व्हला हात लावण्याआधी दोघांनी तोच व्हॉल्व्ह आहे हे बोलून पक्कं करायचं.

मग बेरीज, काकांनी सांगितली तशीच. एकूण जुळतंय आणि फक्त वाटणी वाकडी आहे? मग कुणीतरी आधी क्रॉसफीड उघडा विसरला असेल, किंवा एका बाजूचा पंप दमला असेल. हे साधं दुखणं. एकूणच जुळत नाही? मग क्रॉसफीड बंद, मधल्या टाकीचे पंप बंद, म्हणजे प्रत्येक इंजिन आपापल्या पंखातलंच पिणार. दोन्ही बाजूंचे आकडे आणि वेळ कागदावर लिहायची आणि बघत बसायचं. हे बघत बसणं सगळ्यात अवघड असतं. हाताला काहीतरी करावंसं वाटत असतं.

एक बाजू दुसरीपेक्षा भराभर उतरली तर गळती त्या इंजिनाच्या बाजूला. मग चालतं, धडधाकट इंजिन बंद करायचं. प्रवाशांना हे वेडेपण वाटेल. पण इंजिन बंद करताना ते पंखाला जिथे जोडलेलं असतं तिथला पंखातला व्हॉल्व्हही बंद होतो आणि इंजिनातली गळती तिथेच थांबते. गळती टाकीलाच असेल तर इंजिन बंद करून उपयोग नाही, जवळचं विमानतळ गाठायचं.

कडक भाकरी | रविवार, दुपारी १.४४

ताई, पंप बंद पडला तर? इंजिन बंद?

उजवी सीट | रविवार, दुपारी २.१०

नाही. इंजिनाचा स्वतःचा पंप टाकीतून ओढून घेऊ शकतो, स्ट्रॉने ताक प्यावं तसं. फार उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने ओढणं जड जातं, म्हणून कधी खाली यावं लागतं. ड्युटीवर निघाले, बाकी रात्री.

डिप रॉड | रविवार, दुपारी ३.३०

पंपाचं निघालं म्हणून. काल रात्री झोप येईना, कॅनडात गिमलीला इंधनाशिवाय उतरलेल्या विमानाचं सगळं वाचून काढलं आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने हे करून बघावं.

२३ जुलै १९८३, एअर कॅनडाचं बोइंग ७६७, माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटन. गेजचा संगणक बिघडलेला, पडदे कोरे. म्हणून कांडी. कांडीने सांगितलं टाकीत ७,६८२ लिटर आहे. प्रवासाला हवं होतं २२,३०० किलो. कॅनडा तेव्हा नुकता मेट्रिकवर येत होता. लिटरचे किलो करायला ०.८ ने गुणायला हवं, त्यांनी १.७७ ने गुणलं. तो आकडा लिटरचे पौंड करण्याचा!

७,६८२ गुणिले १.७७ म्हणजे १३,५९७. त्यांना वाटलं एवढे किलो आहेत. उरले ८,७०३, भागिले १.७७, म्हणजे ४,९१७ लिटर भरलं. खरं भरायला हवं होतं वीस हजारांवर लिटर. निघाले तेव्हा आत लागणाऱ्याच्या निम्म्याहूनही कमी. ओटावाला पुन्हा डिप काढली आणि पुन्हा १.७७ नेच गुणलं. कांडी दोन्ही वेळा खरं बोलली होती.

वर ४१,००० फुटांवर डाव्या बाजूला इंधनाचा दाब कमी झाल्याचा इशारा. त्यांना वाटलं पंप गेला. का वाटणार नाही? संगणकात इंधनाचा आकडा त्यांनी स्वतःच हाताने घातला होता आणि संगणक त्यातून जळालेलं वजा करत निवांत सांगत होता, भरपूर आहे. माझ्या पंपावरचा पोरगा कालची शिल्लक अंदाजे लिहून पुढची बेरीज बिनचूक करतो, तसंच. मग दुसरा इशारा, मग इंजिनं. कॅप्टन बॉब पिअर्सन ग्लायडर उडवणारे होते म्हणून गिमलीच्या जुन्या हवाई दलाच्या धावपट्टीवर उतरले. तिथे त्या दिवशी मोटारींच्या शर्यती चालल्या होत्या. ६९ माणसं वाचली.

मी आज पोराला रजिस्टर घेऊन समोर बसवलं.

शेंगा चटणी | रविवार, सायंकाळी ६.१५

माझी एक शंका. वर उणे पन्नास-साठ तापमान असतं म्हणतात. इंधन गोठत नाही का? आमचं खोबरेल डिसेंबरात इथेच गोठतं.

उजवी सीट | रविवार, रात्री १०.०५

जेट ए-१ चा गोठणबिंदू उणे ४७. टाकीतलं इंधन हळूहळू गार होतं आणि त्याचं तापमान आम्हाला दिसतं. फार उतरायला लागलं तर खाली यायचं किंवा वेग वाढवायचा. हवेच्या दाबाने आणि घर्षणाने पंख थोडा गरम राहतो.

खरा त्रास पाण्याचा. इंधनात थोडं पाणी विरघळलेलं असतंच. १७ जानेवारी २००८ ला बीजिंगहून आलेलं ब्रिटिश एअरवेजचं ७७७ हीथ्रोला उतरत होतं. इंधन गोठलं नव्हतं, पण नळ्यांच्या आत बर्फाचा थर साठला होता. शेवटच्या टप्प्यात ताकद मागितली, प्रवाह वाढला, बर्फ सुटून नेमका त्या तेल-इंधनाच्या भेटीच्या जागी तोंडाशी अडकला. दोन्ही इंजिनं ताकद देईनात. जमीन सातशे-आठशे फुटांवर. तिथे कसलं निदान? कॅप्टनने फ्लॅप, म्हणजे पंखामागच्या झडपा, थोडे कमी केले, विमान कुंपण ओलांडून धावपट्टीच्या अलीकडे गवतात बसलं. १५२ पैकी कुणी गेलं नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात डेल्टाच्या ७७७ ला अमेरिकेवरून जाताना एका इंजिनाला हेच झालं. तेव्हा उंची हातात होती आणि उपाय माहीत झाला होता: ताकद हवी असेल तर थ्रॉटल मागे घ्या. प्रवाह कमी झाला की कोमट तेल बर्फ वितळवतं. त्यांनी इंजिन आयडलला, म्हणजे सगळ्यात मंद चालीवर आणलं, थोड्या वेळाने ते पूर्ववत झालं.

होटगीकर | रविवार, रात्री १०.२०

आपल्या इथून गोव्याला जाणाऱ्या एटीआरमध्येही, त्या पंख्याच्या छोट्या विमानात, हेच सगळं?

उजवी सीट | रविवार, रात्री १०.४१

मी एटीआर उडवत नाही, पण आखणी साधी आहे. दोन पंख, दोन टाक्या, प्रत्येक इंजिन आपल्या टाकीवर, मध्ये क्रॉसफीड. बेरीज तीच.

एक शेवटचं, कारण प्रशिक्षणात हे आम्हाला घोटून घेतात. २८ डिसेंबर १९७८, पोर्टलंड. डीसी-८ च्या चाकांचा दिवा लागेना. जवळजवळ तासभर घिरट्या घालत ते चाकांचं निदान करत राहिले. फ्लाइट इंजिनिअरला इंधन संपत आलेलं दिसत होतं, तो बोललाही, पण पुरेसं ठासून नाही. इंधन संपलं, दहा जण गेले. कॉकपिटमध्ये धाकट्याने कसं बोलायचं आणि थोरल्याने कसं ऐकायचं, याचं शिक्षण त्यानंतर सुरू झालं.

आता शब्दही ठरलेले आहेत. 'मिनिमम फ्युएल' म्हटलं की कंट्रोलरने समजायचं, आणखी उशीर परवडणार नाही. त्याने प्राधान्य मिळत नाही. उतरताना शेवटचा अर्ध्या तासाचा राखीव साठा मोडणार असं गणित आलं की 'मेडे फ्युएल', मग सगळे बाजूला होतात.

निवृत्त पाना | रविवार, रात्री १०.५५

शाबास पोरी. सोलापूरला आलीस की गुलाब बघायला ये.

वहिनी, तुमचं राहिलंच. आज रात्री नळ सगळे बंद. मधला व्हॉल्व्ह बंद. दोन्ही टाक्यांवर पाण्याच्या पातळीला खडूने रेघ मारा, शेजारी वेळ लिहा. खाली जाणारे दोन्ही कॉकही बंद ठेवा. सकाळी जी रेघेखाली गेली असेल ती टाकीच गळते. दोन्ही जागच्या जागी असतील तर गळती पाइपात. मग एकेक कॉक उघडून पुन्हा रेघ.

गच्चीवरची टाकी | सोमवार, सकाळी ६.५०

काका, दोन्ही रेघा जागच्या जागी. मग डावीचा कॉक उघडला आणि स्टूल घेऊन बसले. ह्यांचा हात दोनदा मधल्या व्हॉल्व्हकडे गेला, दोनदा मागे घेतला. चाळीस मिनिटांत डावी टाकी दोन बोटं उतरली, घरातले सगळे नळ बंद असताना. पाइप जिन्याच्या भिंतीत जातो तिथे हात लावला तर भिंत ओली.

प्लंबर गुरुवारी येतो म्हणालाय. पाणी बुधवारी.